पंचविसावी किक

सोलापूर पूर्वी मिलच्या भोंग्यावर उठायचं. १८७७ साली उभी राहिलेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल. आवाज ऐकून कुठल्या मिलची पाळी भरली हे अंथरुणातून सांगणारी माणसं घरटी एक तरी असायची. मिला बंद पडल्या, भोंगे गेले. गेली तीन वर्षं मात्र उत्तर कसब्यातली आमची गल्ली हिवाळ्यात माझ्या किकांवर उठते. पहाटे साडेपाचला पहिली किक. दहाव्या किकेला समोरच्या घरात दिवा लागतो. पंधराव्या किकेला कुठेतरी दूध तापायला ठेवल्याचा आवाज येतो. विसाव्या किकेनंतर एक खिडकी उघडते आणि प्रश्न येतो, "काय मालक, आज पण गार का?"

गाडी यझदी. अडीचशे सीसी, एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोक. वडिलांनी १९८४ साली घेतली आणि जाताना माझ्या नावावर केली. धाकट्या भावाला नान्नजची दोन एकर जास्त मिळाली. वाटणीत अन्याय कुणावर झाला यावर घरात आजही एकमत नाही.

मला राग येतो तो या गाडीच्या खानदानाचा विचार केला की. मूळची जावा ही १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात प्रागला सुरू झालेली कंपनी. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो, छपरांवर बर्फ साठतं. त्या घराण्याचा वंश म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात वाढला, सत्तरच्या दशकात यझदी हे नाव लावू लागला आणि १९९६ साली कारखाना बंद होईपर्यंत टिकला. म्हणजे पणजोबा बर्फात धावत होते आणि पणती सोलापूरच्या बारा डिग्रीला गारठते! आणि सोलापूरची थंडी ती काय? एप्रिल-मेमध्ये जिथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस करतो, त्या गावात थंडी पाहुणीसारखी येते. गड्ड्याच्या यात्रेला येते, शेंगाची चटणी बांधून घेते आणि जाते. पण तेवढ्या तीन आठवड्यांत आम्ही कानटोप्या, मफलर, स्वेटर असा काश्मीरचा थाट करतो. गाडीने तेच केलं तर तिला तरी काय बोलणार?

पहाटेच जायचं कारण द्राक्षं. नान्नज हे बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवरचं गाव. बाहेरच्यांना ते माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यासाठी ठाऊक असतं, बागायतदारांना सोनाका द्राक्षासाठी. जानेवारीत ऊन वर यायच्या आत फवारणी उरकायची असते. गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. पुढचे तीन किलोमीटर म्हणजे बैलगाडीची चाकोरी, एक ओढा, आणि काळी माती.

हल्ली 'ऑफ-रोड' नावाचा एक खेळ निघालाय. पुण्याला, नाशकाला डर्ट ट्रॅकच्या शर्यती होतात. मुद्दाम मातीचे उंचवटे करतात आणि पोरं त्यावरून गाड्या उडवतात. माझा पुण्याचा भाचा पैसे देऊन ते बघायला जातो. मी त्याला म्हटलं, अरे, हे सगळं आमच्या मळ्याच्या वाटेवर फुकट आहे. आणि त्या ट्रॅकवर कुणी मागे बोर्डोचं पिंप बांधून, पुढे कडब्याची पेंडी घेऊन, पायात स्लिपर घालून गाडी चालवतो का? इकडच्या लूना आणि एम-८० यांनी चाळीस वर्षं जे केलंय त्याला कुणी ढाल दिली नाही. ओल्या काळ्या मातीत मडगार्ड आणि चाक यांचं एकच भेंडोळं होतं, तेव्हा काठीने माती उकरत बसलेल्या माणसाला आपण खेळाडू आहोत असं वाटत नाही, एवढाच फरक.

तर गाडी गार असताना चालू होत नाही, हा आजार. एकदा चालू झाली की दिवसभर दुसऱ्या किकेला तयार. ओढा ओलांडते, पिंप वाहते, कुठे कुरकुर नाही. उलट उत्साह जरा जास्तच. हात काढून घेतला तरी रेस आपोआप चढायची. "बघा, इंजिन कसं ताजं आहे," असं मी लोकांना कौतुकाने सांगत होतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मला पुढे ते फार महागात पडलं.

यझदी गार असताना चालू करायचा विधी ठरलेला आहे. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग कार्बोरेटरवरची टिकलर नावाची बारीक कळ बोटाने दाबून धरायची, पेट्रोल ओघळून बोट ओलं होईपर्यंत. इतर गाड्यांना चोक असतो. तो हवेची वाट अडवतो म्हणजे पेट्रोलचा भाग वाढतो. टिकलर तेच काम जास्तीचं पेट्रोल ओतून करते. मग चावी न लावता दोन किका, मग चावी, मग खरी किक. किकचा दांडा डाव्या बाजूला, आणि तोच दांडा फिरवला की गिअरचा. शिपाई आणि कारकून एकच असलेल्या ग्रामपंचायतीसारखं. काम होतं, पण कुठल्या कामाला कधी लागायचं हे त्याचं तो ठरवतो. तो नीट न बसता परत आला की नडगीला लागतो. माझी डावी नडगी बघून गल्लीतले नवीन डॉक्टर म्हणाले, "फुटबॉल खेळता का?"

गाडी चालू झाली नाही की ती आपली राहत नाही, गल्लीची होते. किक मारणारा माणूस एक, आणि निदान करणारे जो येईल तो. त्यात सोलापूर. इथे एका गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दख्खनी अशा चार भाषांत सल्ला मिळतो, आणि चारींचा अर्थ एकच असतो: तुमचं चुकतंय.

सगळ्यात आधी पोरं. "काका, प्लग काढा." या वाक्याला माझा आक्षेप नाही. टू-स्ट्रोकच्या बाबतीत ते नमस्कारासारखं आहे, कुठेही चालतं. प्लग ओला निघाला तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल ओव्हर झालंय. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचतच नाहीये. माझा प्लग वीस किका मारूनही कोरडा ठणठणीत निघायचा. सगळ्यांनी तो हातात घेऊन बघितला, फुंकर मारली, पँटीला पुसला, आणि "ओला झालाय, गॅसवर भाजा," असं सांगितलं. प्लग भाजायचा असतो हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. तो आधीच कोरडा आहे, हे त्यात बसत नव्हतं. मी चिमट्यात प्लग धरून स्वयंपाकघरात गेलो की बायको शांतपणे विचारायची, "भाकरीच्या आधी की नंतर?"

मग शेजारचे अण्णा. यंत्रमागवाले. त्यांचे आजोबा तेलंगणातून विणकामासाठी इथे आले. आता पूर्व भागात त्यांचे सहा माग आहेत, टॉवेलचे. अण्णांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि निकाल दिला, "खळ जास्त झालीय." सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ देतात. जास्त झाली तर सूत ताठ होतं आणि तुटतं. पेट्रोलमधलं टू-टी ऑइल म्हणजे पेट्रोलची खळ, असा त्यांचा सिद्धान्त. वडील लिटरला चाळीस मिलि घालायचे, मी भक्तिभावाने पन्नास घालत होतो. अण्णांचं अगदीच खोटं नव्हतं. तेल वाढलं की त्या प्रमाणात पेट्रोल कमी पोचतं, प्लगवर काजळी धरते. मी चाळीसवर आलो. गाडी पंचविसाव्या किकेऐवजी चोविसाव्या किकेला चालू झाली. अण्णांनी ती एक किक आजतागायत स्वतःच्या खात्यावर लावून ठेवली आहे.

वरच्या मजल्यावरचे काका साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. इथे निवृत्त केमिस्ट म्हणजे कोकणात निवृत्त पोस्टमास्तर असतात तसे, वाडीला एक. काका म्हणाले, "इथेनॉल. वीस टक्के. दुसरं काही नाही." मग त्यांनी औषधाची मापाची बाटली आणली, तीत थोडं पाणी, वर पेट्रोल ओतलं, खूण केली आणि हलवून ठेवली. थोड्या वेळाने खालचा पाण्याचा थर वाढला होता. पेट्रोलमधला इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेला होता. अंगणात जमलेल्यांना तो चमत्कार वाटला. एका आजीने हात जोडले. काकांनी समजावलं, इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. गार लोखंडात ती मिळत नाही. शिवाय तो हवेतलं पाणी ओढतो, आणि जुन्या रबराला मानवत नाही.

मी हादरलो. आमच्या भावाच्या दोन एकरांत ऊस आहे. म्हणजे तो ऊस कारखान्यात जातो, तिथून त्याची मळी होते, मळीचा इथेनॉल, तो पेट्रोलमध्ये, आणि शेवटी माझ्या टाकीत येऊन मलाच आडवा येतो. वाटणी अजून संपलेलीच नाही!

पण काकांच्या सिद्धान्ताला एक भोक होतं. गल्लीतली बाकीची वाहनं त्याच पंपावरचं पेट्रोल पिऊन बटणावर चालू होत होती. हे मी बोलून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "त्यांना सवय आहे," आणि बाटली घेऊन वर गेले.

आईचं निदान थंडीचंच होतं आणि उपायही सरळ. तिने ट्रंकेतून जुनी सोलापुरी चादर काढली, वडिलांच्या वेळची, मोराची, आणि रात्री इंजिनाला गुंडाळायला लावली. बायको म्हणाली, "ही चादर मी मागितली तेव्हा जपून ठेवलीय म्हणाला होतात." त्या रात्री गाडी चादरीत झोपली. मी गोधडीत. सकाळी पंचवीस किका लागल्याच. फरक एवढाच की पंचविसाव्या किकेला चादर सायलेन्सरच्या धुराने काळी झाली आणि घरातलं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली गेलं.

भोगीच्या दिवशी भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामा, रेसवाले काय करतात माहितीय? गार गाडी आडवी पाडतात. पेट्रोल गळायला लागलं की उभी करायची आणि किक." मी म्हटलं, एवढी यझदी आडवी पाडायची? वजन दीड क्विंटलच्या आसपास. पण करून बघायला हरकत नव्हती. अण्णा, त्यांचा मुलगा आणि मी असे तिघं मिळून गाडी हळूच डाव्या अंगावर टेकवली. गल्लीत एकदम शांतता पसरली. नान्नजला बैलाला नाल मारताना असाच पाडतात. एक जण शिंगं धरतो, एक जण शेपटाकडे, आणि बैल डोळे फिरवून मालकाकडे बघतो. मी हँडलकडे होतो. दिव्याच्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. समोरच्या ताईंनी दारातून विचारलं, "गेली का हो?"

पेट्रोल गळलं. गाडी उभी केली. चौथ्या किकेला चालू! गल्लीने टाळ्या वाजवल्या. पण बावन्नाव्या वर्षी रोज पहाटे तीन माणसं गोळा करून गाडी पाडणं शक्य नव्हतं, आणि गळलेल्या पेट्रोलच्या वासाने आईला दुपारपर्यंत मळमळत होतं. आता विचार केला तर त्या सकाळीच सगळं कळायला हवं होतं. जास्तीचं पेट्रोल जबरदस्तीने पाजलं की चालते, म्हणजे एरवी तिला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते. प्लग कोरडा. रेस आपोआप चढते. तीनही खुणा एकाच दाराकडे बोट दाखवत होत्या. पण गल्लीत एवढे तज्ज्ञ असताना खुणांकडे बघायला सवड कुणाला होती?

तीन वर्षांत गॅरेजला जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तो भाग दुःखाचा आहे. पॉइंट घासले, मग बदलले. कंडेन्सर बदलला. कार्बोरेटर चार वेळा धुतला. सायलेन्सरच्या नळ्या काढून भट्टीत जाळल्या, त्यातून एवढी काजळी निघाली की पोरांनी तिचं काजळ करून मांजराला लावलं. सहा व्होल्टची बॅटरी नवी घातली. बोर करून पिस्टन बदलला. दर वेळी गाडी गॅरेजमधून थाटात निघायची, कारण दुपारी दोन वाजता गॅरेजच्या उन्हात ती गार नसायचीच. आजार दवाखान्यात जाऊन दाखवता येत नाही, यापेक्षा मोठी फजिती नाही. डॉक्टरांपुढे ताप उतरलेल्या पोरासारखी उभी राहायची!

संक्रांतीला आम्ही सहकुटुंब गड्ड्यावर गेलो. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, अक्षता, होम, दारूकाम, हे सगळं सोलापूरकराच्या रक्तात असतं, पण लहानपणापासून माझे पाय होम मैदानावर मौत का कुआँकडे वळतात. लाकडी फळ्यांची ती विहीर, तिच्या भिंतीवरून आडव्या फिरणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या, वरून नोटा धरून वाकलेली माणसं. खेळ संपल्यावर मी त्या फिरवणाऱ्या पोराला गाठलं. ह्याच्यापेक्षा मोठा जाणकार कोण असणार? त्याची गाडी माझ्या डोळ्यांदेखत एका किकेला चालू झाली होती. मी अदबीने विचारलं, भाऊ, पहाटे गार असताना काय करता? त्याने बिडी विझवली, माझ्याकडे दयेने बघितलं आणि म्हणाला, "ठंडी होने देंगे तो चालू करनी पड़ेगी ना!"

दर वीस मिनिटांनी खेळ. रात्री बारापर्यंत. गाडी गार होतच नाही. एवढं सोपं उत्तर मला तीन वर्षांत मिळालं नव्हतं, आणि एवढं निरुपयोगीही.

उत्तर शेवटी घराच्या मागच्या बाजूलाच निघालं. मागच्या वाड्यातले मामा मिलमध्ये तीस वर्षं जॉबर होते. मिल बंद पडल्यापासून ते फारसं बोलत नाहीत. तीन वर्षं रोज पहाटे त्यांनी माझ्या किका मोजल्या होत्या, पण न विचारता सांगायचं नाही हा त्यांचा नेम. आईनेच एकदा विचारलं. मामा आले, किकचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "वरचं पोट ठीक हाय की. खालचं गळतंय."

टू-स्ट्रोकला दोन पोटं असतात, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. फोर-स्ट्रोकच्या खालच्या भागात नुसतं तेल असतं. टू-स्ट्रोकचं तसं नाही. पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि ती कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा ओढून घेते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या खिडक्यांतून वर जातं. आधी खाली गिळायचं, मग वर ढकलायचं. क्रँकचा शाफ्ट दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, तिथे रबरी सील असतं. ते झिजलं, वाळलं की खालचं पोट कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढायच्या ऐवजी फटीतून फुकटची हवा ओढतं. "गिरणीत पट्टा ढिला असला की कसं?" मामा म्हणाले. "फिरतंय, पण ओढ नाय."

मी विचारलं, मग गरम झाल्यावर कशी चालते? मामांनी कपाळाला हात लावला. रबर तापलं की मऊ होतं, फुगतं, शाफ्टला धरतं. शिवाय इंजिन जोरात फिरायला लागलं की थोडी गळती झाली तरी पुरून उरतं. किकेचे फेरे संथ, त्यात ती फट सगळी ओढ खाऊन टाकते. आणि ते रेस आपोआप चढणं? "फुकटची हवा हो. ताजेपणा कसला!"

मग मामांनी अंगणात परीक्षा मांडली. कार्बोरेटर आणि दोन्ही सायलेन्सर काढून तिन्ही तोंडं जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी आवळून बंद केली. प्लगच्या भोकात ट्यूबचा व्हॉल्व्ह घट्ट बसवला, त्याला सायकलचा पंप. उजव्या बाजूचं डायनामोचं झाकण उघडलं, रोटर काढला, आणि आईकडून भांड्याच्या साबणाचा फेस मागवला. ब्रशने सीलभोवती फेस लावला. "हळू मार, दोन-तीन दट्टे. जोरात मारशील तर चांगलं सील पण उडवशील." अण्णांच्या मुलाने पंप मारला.

शाफ्टच्या भोवती एक फुगा आला. लिंबाएवढा झाला. संक्रांतीच्या उन्हात त्यावर इंद्रधनुष्य फिरलं. फुटला. मागून दुसरा आला. गल्लीतली लहान पोरं टाळ्या पिटायला लागली. मोठ्यांपैकी कुणी काही बोललं नाही. केमिस्ट काका खिडकीतून हळूच म्हणाले, "इथेनॉलनेच खाल्लं असणार." मामा म्हणाले, "चाळीस वर्षांचं रबर हाय साहेब, त्याला खायला कुणी लागत नाही."

सील निघालं ते आमच्या कडक भाकरीसारखं. वाकवलं तर मोडलं. नवं जोडीने दोनशे रुपयांच्या आत. मात्र दोन्ही बाजूंची बदलायची म्हणजे इंजिन उतरवायचं, क्रँककेस फोडायची, बेअरिंग बघायचं. गॅरेजच्या मेस्त्रींनी संक्रांतीच्या आठवड्यात इंजिन टेबलावर घेतलं. मग एक सील पुण्याहून यायचं राहिलं. मग आलं ते दुसऱ्याच मापाचं. मग मेस्त्रींच्या मेहुण्याचं लग्न, मग महाशिवरात्र. मी दीड महिना भावाच्या एम-८० वरून मळ्यात गेलो, आणि भावाने त्याचा एकदाही उल्लेख केला नाही, हे त्याने मुद्दाम केलं.

गाडी घरी आली ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी कानटोपी घालून बाहेर आलो. घाम आला म्हणून काढली. टिकलर दाबली, दोन कोऱ्या किका, चावी, आणि पहिल्याच किकेला यझदी बोलली. रेस जिथे ठेवली तिथे राहिली. मी अभिमानाने गल्लीकडे बघितलं. कुणी उठलंच नव्हतं. अण्णा तेवढे जागे होते, उघड्या अंगाने ओट्यावर वारा घेत.

"अण्णा, एका किकेत!"

"उन्हाळा लागलाय मालक," अण्णा म्हणाले. "आता काय, माझा बंद पडलेला माग पण चालेल."

त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे थंडी शिल्लक नव्हती. पुढची येणार पुढच्या गड्ड्याला. वरून केमिस्ट काकांनी सुचवलं की शास्त्रशुद्ध परीक्षा करायची तर रात्री इंजिनावर बर्फाची लादी ठेवावी. सगळ्यांना पटलं. पण लादी आणायची ती आसरा चौकापलीकडून, आणि एवढ्या पहाटे जायला गल्लीत चालू स्थितीतली मोकळी गाडी एकच होती. ती नेली तर येताना तापणार.

मामा मागच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून ते काही बोलले नाहीत.